उंची ५ फूट ३ इंच, आणि आठ महिने हॅरो बॅट

आधीच सांगतो, हा कुठल्या कंपनीच्या बॅटचा रिव्ह्यू नाहीये, साइजचा आहे; हॅरो म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या बॅटपेक्षा लहान माप. स्टिकर कुठलाही असो, मला जे कळायला बारा वर्षं लागली ते एवढंच की मी इतकी वर्षं चुकीच्या मापाची बॅट घेऊन खेळत होतो आणि दोष मात्र स्वतःच्या फूटवर्कला देत होतो.

माझी उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंटीमीटर, वय ३६, तळहात लहान. राहायला डोंबिवली. रविवारी सकाळी किटबॅग घेऊन लोकलने सीएसएमटी, तिथून चालत आझाद मैदान, ऑफिसची टीम, सीझन बॉल. अधूनमधून टर्फवर टेनिस बॉल पण तो वेगळा प्रकार, त्याला कुठलीही फळी चालते. नंबर तीन किंवा चारला येतो, फार भारी प्लेअर नाही पण खेळ मनापासून आहे.

आता सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, तो म्हणजे 'शॉर्ट हँडल' हे नाव. कॉलेजात असताना धोबी तलावला बॅट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं शॉर्ट हँडल की लाँग हँडल, आणि मी आपला मनात म्हटलं आपण बुटके, म्हणजे शॉर्ट हँडल आपलीच. घेतली आणि आलो. वर्षानुवर्षं तसंच. शॉर्ट हँडल म्हणजे मोठ्या माणसाची नेहमीची फुल साइज, साधारण ५ फूट ८-९ इंचांच्या पुढच्यांसाठी धरलेली, आणि लाँग हँडल ही ६ फूट २ च्या वरच्या ताडमाड लोकांसाठी, हे मला कुणीच सांगितलं नाही. शॉर्ट हँडलच्या खाली हॅरो, त्याच्या खाली सहा नंबर, मग पाच, चार असं मुलांचं खाली खाली जातं. काही कंपन्या हॅरो आणि फुल साइजच्या मध्ये अजून एक 'स्मॉल अ‍ॅडल्ट' किंवा 'अकॅडमी' काढतात पण आपल्याकडच्या दुकानात ती मी तरी क्वचितच पाहिली.

तर त्रास काय व्हायचा ते सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतंय का बघा. हँडल वर टोकाला पकडलं की स्टान्स घेताना टो (बॅटचं खालचं टोक) मागे जमिनीला टेकायचा आणि हात अंगापासून लांब ढकलले जायचे, मग बॅट सरळ खाली न येता बाहेरून फिरून यायची. कोच लोक म्हणायचे बॅट सरळ आण. अहो कशी आणू, मध्ये माझाच पाय आहे. बरं, मग हँडल खाली पकडलं तर वरचं दोन-अडीच इंचांचं टोक मोकळं राहायचं आणि ते ड्राइव्ह मारताना मनगटाच्या मागे हाताला घासायचं, पुल मारायला गेलो की सरळ बरगडीत. एकदा तर निळं झालं होतं, बायकोला वाटलं बॉल लागला.

आणि हे सांगितलं की मैदानावर एक उत्तर ठरलेलं, सचिन किती होता, पाच फूट पाच, आणि बॅट तीन पौंडांच्या वर. गावसकर तेवढेच. बरोबर आहे, पण सचिनचे फोरआर्म बघितलेत का कधी? तो हँडल खाली पकडून खेळायचा आणि ते वजन उचलायची ताकद त्याच्या हातात होती, लहानपणापासून शिवाजी पार्कवर दिवसभर बॅटिंग करून कमावलेली. मी आठवडाभर एक्सेल उघडून बसतो आणि रविवारी बॅट उचलतो. त्याचं उदाहरण मला लावणं म्हणजे चेष्टाच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेवटी टेप घेऊन बसलो. माझी शॉर्ट हँडल भरली पावणेचौतीस इंच, वजन १२१० ग्रॅम (गल्लीतल्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, तो हसत होता). आधी विचार केला नवीन कशाला, हँडलच कापून घेऊ. एका कारागिराकडून वरचं इंचभर कापून घेतलं, त्याने टोक घासून परत धागा गुंडाळला, ग्रिप चढवली, काम सफाईदार. बरगडीचा प्रश्न सुटला. पण बॅट हातात घेतली तर आधीपेक्षा जड! वजन कमी झालंय आणि लागतेय जड, हे काय. मग डोक्यात प्रकाश पडला की वरचं टोक खालच्या ब्लेडला थोडं तोलून धरतं, ते काढलं की सगळा भार खाली टोच्या बाजूला जातो. ज्याची बॅट मुळात हलकी आहे, ११५० च्या आत वगैरे, त्याला हे जमून जाईल, खर्चही किरकोळ आहे. माझ्या धोंड्याला नाही जमलं. आणि एकाने सल्ला दिला होता की खालून, टोच्या बाजूने काप, ते चुकूनही करू नका, बॉल लागायची चांगली जागा तिथून जवळच वर असते, ती एकदम काठावर येते आणि उघडं लाकूड पाणी पितं ते वेगळंच.

मग हॅरो शोधायला निघालो आणि खरी गंमत तिथे. चार दुकानं फिरलो. एकाने विचारलं मुलगा किती वर्षांचा आहे. म्हटलं मलाच पाहिजे. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तरी शॉर्ट हँडलच काढली, "ये चलेगा साहब, आदत पड जायेगी." बारा वर्षं आदत पडायची वाट बघतोय बाबा.

अडचण अशी आहे की मेरठ-जालंधरवरून जो इंग्लिश विलोचा (इंग्लंडच्या विलो लाकडाचा) चांगला माल येतो त्यात बहुतेक सगळं शॉर्ट हँडल. हॅरोमध्ये स्वस्तातली काश्मीर विलो हवी तेवढी, कारण गिऱ्हाईक म्हणजे आठवी-नववीतली मुलं, पुढच्या वर्षी उंची वाढणार म्हणून आईबाप महाग घेत नाहीत. दोष कुणाचा नाही, पण आमच्यासारख्यांना निवडीला वावच राहत नाही. शेवटी चौथ्या दुकानात दोन इंग्लिश विलो हॅरो निघाल्या, त्यातली एक घेतली, साडेआठ हजार, सात ग्रेन (लाकडावरच्या उभ्या रेषा), एका एजला म्हणजे कडेला थोडा लाल पट्टा आहे, मला दिसण्याचं काही नाही. लांबी पावणेतेहतीस, म्हणजे जुनी कापायच्या आधी होती त्यापेक्षा बरोबर एक इंच कमी. ब्लेड किंचित अरुंद. वजन १०९०.

सहा नंबरही हातात घेऊन बघितली होती कारण उंचीवरून माप सांगणाऱ्या बऱ्याच चार्टमध्ये ५-३ ला सहा पण चालते म्हणतात. नाही पटली, हँडल अगदीच बारीक आणि पुढचं लाकूडही पातळ वाटलं. पण आमच्या ऑफिसात एक मॅडम आहेत, पाच फूट उंची, त्या सहा नंबरने खेळतात आणि आमच्यापेक्षा बऱ्या कट मारतात. तेव्हा चार्ट हा फक्त कुठून सुरुवात करायची ते सांगतो. दोन माणसं ५-३ ची असली तरी एकाचे पाय लांब असतात एकाचे हात, एक वाकून उभा राहतो तर दुसरा बॅट वर धरून ताठ, मग माप एक कसं असेल.

दुकानात मी काय केलं ते लिहितो, कामाला येईल. घरून स्पोर्ट्स शूज आणि पॅड घेऊन गेलो, चपला घालून जाऊ नका, सोलने अर्धा-पाऊण इंच बदलतो. पॅड बांधून स्टान्स घेतला, हँडल जिथे खरं पकडणार तिथेच पकडलं, डोळे मिटले आणि नुसता वरचा हात ठेवून बॅट दहा वेळा बॅकलिफ्टला नेली. शॉर्ट हँडलला सातव्या वेळेला मनगट लटपटलं. हॅरोला दहाच्या दहा. मग आडवी फिरवून बघितली, टोक पोटाला लागतंय का. एवढं बास. काट्यावरच्या वजनाचं फार मनावर घेऊ नका, ११५० ची बॅट ११०० च्या बॅटपेक्षा हलकी लागू शकते, भार कुठे आहे त्यावर ते आहे. आणि टेप घेऊनच जा, त्याच दुकानात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या शॉर्ट हँडल मी मोजल्या तर त्यांच्यातच जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक निघाला.

नॉकिंग (नवी बॅट ठोकून पक्की करणं) नेहमीसारखंच, जवसाचं कच्चं तेल हलक्या हाताने दोनदा, मॅलेटने (लाकडी हातोडीने) सहा तास विभागून, एजेस नीट गोल केल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं फर्निचरचं काम किती दिवस चालणार.

आता आठ महिन्यांचं. पहिले दोन-तीन रविवार विचित्र गेले, खोटं कशाला बोलू. बॅट इतक्या लवकर खाली यायची की मी बॉलच्या आधी मारून मोकळा, दोनदा मिडऑफला सोप्पे कॅच. इतकी वर्षं जड बॅट उशिरा येते म्हणून लवकर सुरुवात करायची सवय लागलेली, ती जायला महिना गेला. त्यानंतर मात्र जो फरक पडला तो पुल आणि कटमध्ये. आखूड बॉल आपल्यासारख्यांना छातीवर येतो, उंच माणसाला जो कमरेला तो आपल्याला काखेत, तिथे बॅट वेळेवर पोचणं हाच सगळा खेळ आहे. आता पोचते. यॉर्करला पण बॅट सरळ खाली येते, मागे जमिनीत अडकत नाही.

अजून एक गोष्ट जी मला अपेक्षितच नव्हती. हॅरोचं हँडल जाडीलाही थोडं कमी असतं. जुन्या बॅटवर मी दोन ग्रिप चढवल्या होत्या, सगळे चढवतात म्हणून. माझ्या हातात हँडल मावायचंच नाही, मग खालचा हात घट्ट आवळला जायचा, फेस (बॅटची मारायची सपाट बाजू) आत वळायचा आणि मिडविकेटला अलगद झेल. आता एकच ग्रिप, खालचा हात फक्त अंगठा आणि बोटांवर, आणि सरळ ड्राइव्ह खरंच सरळ जातो. मला तर वाटतं लहान हातवाल्यांनी लांबीच्या आधी हँडलच्या जाडीकडे बघावं, यावर कुणी बोलतच नाही.

तोटे आहेत, लपवणार नाही. ऑफच्या बाहेरचा लांबचा बॉल आता पोचत नाही, लेगस्पिनरला पुढे जाऊन मारायला खरंच पाय न्यावा लागतो, आळस चालत नाही. स्वीपला रीच कमी. लाँगऑनवरून जे आधी बॅटच्या वजनावर निघून जायचं ते आता बाउंड्रीच्या आत पडतं, सिक्स कमी झाले, आमच्या कॅप्टनच्या भाषेत मी आता "पेन्शनर शॉट" खेळतो. मार्चमध्ये एकदा रनआउट झालो, बॅट लाइनवर, आत नाही. तो इंच हाच, अशी टीमभर चर्चा. शिवाय टीममध्ये बॅट कुणाला द्यायची सोय राहिली नाही, सगळे घेऊन बघतात आणि खेळण्यातली म्हणून परत देतात. (हा तोटा की फायदा ते तुम्ही ठरवा, माझी बॅट आता माझ्याच हातून फुटेल.)

एका मॅचला समोरच्या टीमच्या एकाने अंपायरला विचारलंसुद्धा की ही बॅट चालते का. चालते. नियमात वरची मर्यादा आहे, लांबी ३८ इंचांच्या वर नको, रुंदी सव्वाचार इंचांच्या वर नको, २०१७ पासून एजही ४० मिलिमीटरच्या वर नको. लहान किती असावी यावर काही बंधन नाही. चार नंबर घेऊन उतरलात तरी कुणी अडवू शकत नाही.

टिकाऊपणा ठीक. एप्रिलमध्ये टोच्या भागाला बारीक चीर गेली, ओल्या पॅचवर टॅप करत बसायची माझी खोड, ग्लू घालून टोगार्ड (टोवर चिकटवायचं रबरी कव्हर) लावला, पुढे वाढली नाही. फेसवर शिवणीचे ठसे आहेत तेवढे असतातच. पावसाळ्यात कव्हरमधून बाहेर काढून कपाटाच्या वर आडवी ठेवलीय, कव्हरमध्ये बंद ठेवली तर बुरशी धरते, एक बॅट तशी घालवलीय मी.

मग घ्यावी का? ५-५ च्या आत असाल, हात लहान असतील आणि आठवड्यातून एकदाच खेळत असाल तर आधी हॅरो हातात घेऊन बघाच, लाजू नका. ५-६, ५-७ वाले असाल तर हलकी शॉर्ट हँडल, ११५० च्या आसपास, एक ग्रिप, आणि टोक बोचतच असेल तर अर्धा इंच कापून घ्या, तेवढ्याने पुष्कळदा भागतं. आणि फक्त टर्फवर टेनिस बॉल खेळत असाल तर या सगळ्या भानगडीत पडू नका.

मी दुकानदाराला सांगून ठेवलंय, हॅरोच पाहिजे पण ११३० पर्यंत, हँडल ओव्हल, एज थोडी जाड, म्हणजे लाँगऑनचं काही जमतंय का बघू. गणपतीनंतर माल येतो, फोन करतो म्हणाला. या वेळी मुलाचं वय विचारलं नाही.