टॉवेलच्या कारखान्यात शिरण्याआधी शाईन वाचताना

संस्थेच्या संस्कृतीवर वाचायचं म्हटलं की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाईन यांचं ‘ऑर्गनायझेशनल कल्चर अँड लीडरशिप’ आधी हातात पडतं. पहिली आवृत्ती १९८५ची. सोलापुरात एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात काही महिने बसून अभ्यास करणार असाल तर जरूर वाचा, पण त्यातला तक्ता वहीत उतरवून आत जाऊ नका.

तक्ता तीन थरांचा आहे: डोळ्यांना दिसतं ते, लोक सांगतात ती मूल्यं आणि कुणी बोलत नाही पण सगळे धरून चालतात ते. विद्यार्थी तीन रकाने आखतात आणि तिथेच घसरतात. मालक म्हणतो, ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे’, आणि ते निष्कर्ष म्हणून प्रबंधात जातं. खरं तर हा दुसरा थर, म्हणजे नुसतं सांगणं. तिसऱ्यापर्यंत जायचं तर बारीकसारीक व्यवहार पाहावे लागतात. पीसरेटवर (नगावर मजुरी) काम चालतं तिथे धागा तुटलेला टॉवेल निघाला की मजुरी कुणाची कापतात, आणि ते ठरवतं कोण? उचल मागायला कामगार थेट मालकाकडे जातो की मुकादमामार्फत?

पुस्तकाचा जीव सिबा-गायगी या स्विस कंपनीच्या प्रकरणात आहे. तिथे शाईन यांनी दिलेली टिपणं इतर विभागांत फिरायला हवी होती, पण फिरली नाहीत. कारण हळूहळू उलगडतं: न मागता माहिती पाठवणं म्हणजे समोरच्याला त्याचं काम कळत नाही असं सुचवणं. एका अडलेल्या कागदावरून तिसरा थर कसा गाठायचा, हे यापेक्षा स्वच्छ क्वचितच कुणी दाखवलंय.

उणीव मोठी आहे. शाईन सल्लागार म्हणून, व्यवस्थापनाच्या बोलावण्यावरून आत जातात, आणि हे ते लपवत नाहीत. तुम्ही तसेच मालकाच्या केबिनमधून मागांकडे गेलात तर पहिल्या दिवसापासून ‘मालकाचा माणूस’. यावर पुस्तकात तोडगा नाही. ब्रिटिश संशोधक ए. के. राईस यांनी १९५३पासून अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागांवरच्या कामाची गटांत नवी मांडणी करून केलेल्या प्रयोगांबद्दलही वाचा. विषय मागांचा, म्हणून आपल्याला जवळचा. पण वाट तीच, व्यवस्थापनाच्या दारातून. या दोषावर उतारा म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांचा १९५९चा ‘बनाना टाइम’ हा लेख घ्या. ते स्वतः यंत्रावर कामगार होते. कंटाळवाण्या पाळीत रोजच्या ठरलेल्या थट्टा काय काम करतात हे त्यात दिसतं, आणि चहाच्या सुट्टीकडे कसं बघायचं हेही कळतं.

आधी शाईनची थरांची आणि कंपन्यांची प्रकरणं वाचा. बदल घडवण्यावरचा भाग सरळ सोडा, तो व्यवस्थापकांसाठी आहे. मग रॉय, मग राईस. सोबत १९७७चं सोलापूर जिल्हा गॅझेटिअर चाळा, गिरण्या आणि विणकर समाजांची पार्श्वभूमी मिळते. पुस्तकांत न सापडणारी तयारी भाषेची: मागांवर तेलुगू चालते, ऑफिसात मराठी-हिंदी. कामापुरती तेलुगू नसेल तर निम्मं बोलणं कानांवरून जाईल.

वाचून झालं की ‘मला काय दिसेल असं वाटतं’ याची एक पानी यादी करा, तारीख घाला, पाकिटात बंद करा. आत गेल्यावर रोजच्या नोंदीत पाहिलेलं, ऐकलेलं आणि स्वतःचा तर्क वेगळे लिहा. महिन्याने पाकीट उघडा. यादीतलं सगळंच खरं ठरलं असेल तर शाबासकी घेऊ नका. बहुधा तुम्ही शाईनच पाहत होतात, कारखाना नव्हे.