पी१ घ्यावी की ९१८ स्पायडर?

पैसे तयार आहेत, पण मॅक्लॅरेन पी१ आणि पोर्श ९१८ स्पायडर या दोन हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) सुपरकारांत जीव अडकलाय, अशांसाठी.

आधी कटू गोष्ट. दोन्ही फक्त डाव्या स्टिअरिंगच्या, आणि ३ वर्षांहून जुनी किंवा डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही. म्हणजे मुंबईकराची गाडी दुबईत किंवा लंडनमध्येच राहणार; मरीन ड्राइव्हवर दिसलीच, तर कार्नेवर (परदेशी गाडी तात्पुरती आणण्याच्या कस्टम्स कागदावर) पाहुणी म्हणून.

दुर्मिळतेत पी१ पुढे: ३७५ गाड्या. पोर्शने नावाप्रमाणे ९१८ बनवल्या.

खरा फरक चालवताना कळतो. पी१ला ३.८ लिटर ट्विन-टर्बो व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, विजेची मोटर धरून ९१६ पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), सगळी ताकद मागच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर पाय जपूनच ठेवा. ९१८मध्ये ४.६ लिटरचं बिनटर्बोचं व्ही८, एकूण ८८७ पीएस. पण पुढच्या चाकांना वेगळी मोटर, त्यामुळे ताशी ० ते १०० किमी २.६ सेकंदांत, पी१ २.८मध्ये. ९१८च्या छताचे दोन तुकडे काढून पुढच्या डिकीत बसतात. मग इंजिनाच्या ९,००० आरपीएमजवळचा (मिनिटाला फेऱ्यांचा) आवाज थेट कानात!

बॅटरी पी१ची ४.७ किलोवॉट-तास, ९१८ची ६.८. गाडी महिनोन्महिने उभी राहणार, म्हणून चार्जर लावूनच ठेवा. घेण्यापूर्वी हायब्रिड बॅटरीच्या तपासणीचा लेखी अहवाल मागा; बदलायची वेळ आली तर बिल डोळे पांढरे करतं.

सुट्टीत जाऊन मनसोक्त चालवायची असेल तर ९१८. ट्रॅकवर हात बसलाय आणि दुर्मिळता हवीय, तर पी१.