दृष्टिपटलाच्या विकासाचा संच : स्लाइड्स घ्याव्यात, तक्ता जपून वापरावा

बडोद्याला रावपुऱ्यातील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून मी दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, विकासावरील संच घेतला. त्यात भिंतीवर लावायचा लॅमिनेट केलेला तक्ता आणि तयार स्लाइड्स आहेत. दांडिया बाजारात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांना त्याचा कितपत उपयोग होतो, एवढ्याच दृष्टीने हे लिहीत आहे.

स्लाइड्स उत्तम आहेत. कोंबडीच्या ७२ तासांच्या गर्भात नेत्रचषक (ज्यातून दृष्टिपटल घडते तो पेल्यासारखा भाग) आणि त्यातले भिंग सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीखालीही ओळखू येते, आणि सस्तन प्राण्याच्या दृष्टिपटलाच्या छेदात केंद्रकांचे तिन्ही थर इतके स्वच्छ रंगले आहेत की मुलांना बोट ठेवून दाखवावे लागत नाही. एका स्लाइडची वरची काच तडकलेली निघाली. दुकानदाराने ती विनातक्रार बदलून दिली.

तक्त्याबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. डीएनएच्या ठरावीक जागी बसून जनुके चालू किंवा बंद करणारी प्रथिने म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. दृष्टिपटलाची कोणती पेशी कोणत्या फॅक्टरमुळे घडते हे तक्त्यात दाखवले आहे, आणि फॅक्टरांची नावे बिनचूक आहेत. जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली असाच एक फॅक्टर भलत्या जागी चालू करून फळमाशीच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवून दाखवले, त्याचे कोपऱ्यातले चित्रही छान आहे. घोटाळा बाणांचा आहे. प्रत्येक फॅक्टरपासून एकाच पेशीकडे एक सरळ बाण काढल्यामुळे जणू एका जनुकाने हुकूम सोडला आणि एक पेशी तयार झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात एटोह-७ हा फॅक्टर नसेल तर उंदरात बहुतेक गँग्लिऑन पेशी (दृष्टिपटलाचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या) तयारच होत नाहीत हे खरे, पण ज्या पेशींत ते काही काळ चालू होते त्यांतल्या कित्येक पुढे प्रकाशग्राही किंवा अमाक्राइन (आतल्या थरात संदेश जोडणाऱ्या) पेशी होतात. म्हणजे ते फक्त मुभा देते, आणि पुढचे काम आयएसएल-१ व पीओयू४एफ२ या दुसऱ्या फॅक्टरांकडे जाते.

सर्वांत जास्त खटकले ते एनआरएल या फॅक्टरचे. तक्त्यात त्याच्यापासून दंडपेशीकडे (मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशीकडे) एक बाण आहे आणि विषय संपला. साहजिकच एका मुलीने विचारले, ‘‘सर, एनआरएल नसेल तर तिथली जागा रिकामी राहते का?’’ जागा रिकामी राहत नाही. दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी या दोन्ही ओटीएक्स-२ आणि सीआरएक्स हे फॅक्टर चालू असलेल्या पूर्वपेशींतूनच निघतात. २००१ साली एनआरएल काढून टाकलेल्या उंदरांत दंडपेशी झाल्याच नाहीत, तर त्यांच्या जागी निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींसारख्या पेशी भरल्या. एक वाट उघडताना दुसरी बंद करणे हे या फॅक्टरांचे निम्मे काम, आणि तक्त्यात ‘बंद’ दाखवणारी एकही खूण नाही.

पेशींच्या जन्माचा क्रम, म्हणजे गँग्लिऑन आधी आणि म्युलर ग्लिया (इतर पेशींना आधार देणाऱ्या) अखेरीस, बरोबर दिला आहे, मात्र हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात हे पायऱ्यांच्या चित्रातून कळत नाही. शिवाय सगळी लेबले इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असल्यामुळे गुजराती माध्यमातून आलेली मुले मागच्या बाकावरून काहीच वाचू शकत नाहीत. दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, तक्ता बाहेरून छापून येतो, आमच्या हातात काही नाही.’’

विचारले तर तो स्लाइड्स सुट्याही देतो, आणि तशाच घ्याव्यात. ज्यांनी संच आधीच घेतला असेल त्यांनी मार्करने ओटीएक्स-२ पासून शंकुपेशीकडे दुसरा बाण काढावा आणि एनआरएलपासून त्या बाणावर ‘बंद’ची खूण म्हणून आडवी रेघ मारावी.