मायोइलेक्ट्रिक हात: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेले अकरा महिने मी मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा कृत्रिम हात, वापरते आहे. सगळे जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर आधीच देते. घ्यावा का? रोज काही तास दोन हातांनीच नीट होणारं काम करावं लागत असेल, किंवा एका हातावरचा ताण आता दुखायला लागला असेल, तर जरूर घ्यावा. पण ‘आता तरी पूर्ण दिसू’ म्हणून घेणार असाल, तर थोडं थांबा आणि पुढचं सगळं वाचा.

माझा डावा हात जन्मापासूनच कोपराखाली साधारण दहा सेंटिमीटरवर संपतो. अपघात झाला नाही, शस्त्रक्रिया नाही. गर्भात हातापायांचे कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमाराला फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटांसकट आकार घेतात. त्या काळात कुठेतरी काहीतरी थांबलं. का, ते माझ्या बाबतीत कुणालाच कळलं नाही. आईनं मात्र वर्षानुवर्षं आठवून पाहिलं की आपण काय केलं, काय उचललं, कुठली गोळी घेतली. दिवस गेल्याचं अनेकींना नीट कळायच्या आतच हे घडून गेलेलं असतं, हे तिला खूप उशिरा कुणीतरी शांतपणे समजावलं. पहिल्याच दिवशी समजावलं असतं तर तिची कितीतरी वर्षं वाचली असती.

चौदाव्या वर्षी मला एक शोभेचा हात मिळाला होता. बोटं न हलणारा, त्वचेच्या रंगाच्या जवळपासचा. त्याचा उपयोग एकच, समोरच्याला चटकन कळू नये. सहा महिन्यांत तो कपाटात गेला आणि पुढची वीस वर्षं मी काही लावलं नाही. मग उजवं मनगट आणि खांदा दुखायला लागले. दोन हातांचं काम एकच हात वर्षानुवर्षं करत असला की असं अनेकांचं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे नवा हात मी डाव्या बाजूसाठी घेतलाच नाही. उजवा वाचावा म्हणून घेतला.

तो चालतो कसा, ते थोडक्यात. सॉकेटच्या, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या कवचाच्या, आत दोन इलेक्ट्रोड असतात, एक पुढच्या स्नायूवर, एक मागच्या. स्नायू आवळला की त्वचेवर अतिशय क्षीण विद्युत संकेत उमटतो, तो इलेक्ट्रोड टिपतात, वाढवतात आणि मोटर फिरते. एक स्नायू आवळला की मूठ मिटते, दुसरा आवळला की उघडते. दोन्ही एकदम आवळले की पकड बदलते: चिमटीची, पूर्ण मुठीची, किल्ली धरतो तशी, अशा एकूण पाच. लिहायला एवढंच आहे, शिकायला मला सहा आठवडे लागले. प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञ, म्हणायच्या, “मनगट आत वाकवा.” ज्यांचा हात नंतर गेलाय त्यांना ती आठवण असते. मला डावं मनगट कधी नव्हतंच, तर वाकवू काय? शेवटी उजवं मनगट वाकवायचं, डोळे मिटायचे आणि डावीकडे तसंच काहीतरी होतंय असं मनात धरायचं. स्नायूचा संकेत दाखवणारी संगणकाच्या पडद्यावरची रेघ पहिल्यांदा माझ्या मनाप्रमाणे वर गेली त्या दिवशी मी तिथेच रडले. तो स्नायू इतकी वर्षं तिथे होता आणि माझी त्याची ओळखच नव्हती.

सुरुवातीला वीस-वीस मिनिटंच लावायचा, काढायचा, त्वचा बघायची. लाली थोड्या वेळात ओसरली तर ठीक. तशीच राहिली तर सॉकेट कुठेतरी टोचतोय, दामटून वापरायचं नाही. मी एकदा दामटलं. फोड आला आणि बारा दिवस हात बाजूला ठेवावा लागला.

आता जे खरंच चांगलं झालं ते. कागद धरून पट्टीनं सरळ कापता येतो. छत्री डावीकडे आणि फोन उजवीकडे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. जिन्यावर कठड्याला उजवा हात ठेवून डावीकडे पिशवी नेता येते, म्हणजे तोल जाण्याची भीती गेली. जॅकेटची चेन लावताना खालचं टोक धरून ठेवायला कुणीतरी आहे. लॅपटॉप उघडाच घेऊन एका खोलीतून दुसरीत जाते. आणि मनगट. चौथ्या महिन्यापासून उजव्या मनगटाची रात्रीची ठणक बरीच कमी झाली. दुसरं काहीच मिळालं नसतं तरी एवढ्यासाठी मी हा हात ठेवला असता.

त्रासाचं सांगते. पहिला त्रास घामाचा. सॉकेट हवाबंद असतो, अर्ध्या-पाऊण तासात आत ओल धरते, मग इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो आणि मूठ आपोआप उघडते. काचेची वस्तू मी डाव्या हातात देणं सोडून दिलंय. पाण्याचं तसंच, माझा हात भिजवायचा नाही, त्यामुळे धुण्यापुसण्याची सगळी कामं त्याच्याशिवायच. वजनाबद्दल एक गोष्ट आधी कळायला हवी होती. माणसाचा पंजा साधारण चारशे ग्रॅमचा असतो, माझा यांत्रिक पंजा पाचशेच्या आसपास. आकड्यात फरक फार नाही, पण खरा पंजा हाडाला जोडलेला असतो आणि हा त्वचेवर लटकतो. संध्याकाळी तो आकड्यापेक्षा कितीतरी जड लागतो. बॅटरी दिवसभर पुरते, तिची तक्रार नाही. मोटरचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो, सवय झाली.

स्पर्श नाही, ही मोठी गोष्ट आहे. काय धरलंय, किती जोरात धरलंय, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. पिशवीत हात घालून किल्ली चाचपडणं त्याला जमत नाही. कृत्रिम अवयव केंद्रातून दोन आठवड्यांसाठी मी जुन्या पद्धतीचा केबलवर चालणारा हुकही आणला होता, विरुद्ध खांद्याच्या हालचालीनं उघडणारा. दोन फाळ्यांच्या या हुकचं पेटंट १९१२ मधलं, डी. डब्ल्यू. डॉरन्स यांचं. त्यांचा स्वतःचा हात गेलेला होता. ते त्या हुकमध्ये जाणवतं. केबलच्या ताणावरून खांद्याला कळतं की आपण किती दाबतोय. हलका, पाण्याला न घाबरणारा, आणि टोक इतकं बारीक की टेबलावरचं नाणंसुद्धा उचललं. दिसायला कुणाला आवडत नाही म्हणून तो नाकारू नका. अंगमेहनतीचं काम असेल तर मी आधी हुक वापरून बघायला सांगेन.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि ती लक्षात यायला मला तीन महिने लागले. सॉकेट घट्ट बसावा म्हणून त्याची कड कोपराच्या हाडांवर चढवलेली असते. त्यामुळे कोपर पूर्ण दुमडत नाही. आता माझ्यासारख्या माणसाची खरी पकड असते कुठे? कोपराच्या घडीत. फाईल, टॉवेल, झाकण उघडायची बाटली, भाचीचा हात, सगळं मी लहानपणापासून त्या घडीत धरत आले. शिवाय हनुवटी, गुडघे, दात. म्हणजे पाच नव्या पकडी मिळाल्या, पण माझी सगळ्यांत भरवशाची, स्पर्श असलेली पकड बंद झाली. घेताना हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मी कशानं काय धरते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

याबद्दल एक संशोधन वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. जन्मतः एक पंजा नसलेल्या लोकांचा मेंदू अविताल हहामी, तामार माकिन या मेंदूशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला होता, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदूत पंजासाठी जो भाग असतो तो या लोकांमध्ये रिकामा पडलेला नव्हता. दंड, ओठ, पाय, जे जे अवयव ते पंजाऐवजी कामाला लावतात, त्यांच्या हालचालीनं तो जागा होत होता. शाळेत दातांनी बाटलीचं झाकण उघडलं की मला ओरडा बसायचा. मी तेव्हा माझ्या पद्धतीनं हातच वापरत होते.

आता माणसांबद्दल. हात लावून बाहेर पडले की कौतुक होतं, ‘किती जिद्दी’. न लावता तीच मी बाहेर पडले की नजर झुकते, आवाज हळू होतो. एका बैठकीत माझ्या कामाचं सादरीकरण संपल्यावर पहिला प्रश्न आला तो हाताच्या चार्जिंगबद्दल, कामाबद्दल एकही नाही. ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग यांनी २०१४ च्या भाषणात हे नेमकं पकडलं होतं: जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. त्या व्हीलचेअर वापरत. माझ्यासाठी तो जिना म्हणजे नळ.

कामाच्या ठिकाणी असे नळ होते की वरचं बटण दाबून धराल तेवढाच वेळ पाणी येणार. पाणी वाचवायला चांगली कल्पना. पण एकाच हाताच्या माणसानं तो हात धुवायचा कसा? दाबायचाही त्याच हातानं आणि धुवायचाही तोच. यांत्रिक हातानं दाबावं तर तो भिजवायचा नाही. चार वर्षं मी डाव्या हाताच्या टोकानं नळ दाबत, अंगावर पाणी उडवत काढली आणि कुणालाही बोलले नाही. तक्रारखोर म्हणतील याची भीती. यंदा बोलले, लेखी. सोबत एका मिनिटाचा व्हिडिओ दिला, फक्त मी हात धुतेय असा. पाच आठवड्यांत दांड्याचे नळ बसले. मग समजलं की मनगट प्लास्टरमध्ये असलेले एक सहकारी आणि सांधेदुखी असलेल्या एक बाई हेच सोसत होते.

त्यानंतर मी थांबले नाही. हजेरीच्या यंत्राला दोन्ही हातांची बोटं हवी होती, तिथे पर्याय मागितला. दारांना गोल मुठींच्या जागी दांड्याच्या कड्या आल्या. नोकरीच्या टायपिंग चाचणीत एका हातानं टंकणाऱ्यांना जादा वेळ मिळावा म्हणून अजून भांडते आहे, तिथे अद्याप ‘बघू’ आहे. संगणकावर ‘स्टिकी कीज’ ही सोय असते, तीन कळा एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबता येतात. ती सगळ्या यंत्रांवर चालू करण्याची परवानगी मिळायला मात्र दोन महिने गेले. खर्च शून्य होता.

या मागण्या मांडताना मला संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचा फार उपयोग झाला. २००६ मध्ये तो स्वीकारला गेला आणि २००८ पासून लागू आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की एखाद्याच्या गरजेनुसार रास्त बदल करायला नकार देणं हा भेदभाव आहे. म्हणजे नळ मागणं ही मेहेरबानीची याचना नाही. त्याच कलमात सर्वांना वापरता येईल अशा रचनेची व्याख्या आहे आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की तसं असलं तरी गरज असेल तिथे सहायक साधनं वगळायची नाहीत. मला हे वाक्य पाठ झालंय. कारण दोन्हीकडून धक्के बसतात. ‘एवढा आधुनिक हात आहे, मग नळ कशाला बदलायचा?’ आणि ‘आता नळ बदलला, मग हात कशाला हवा?’ मला दोन्ही हवे आहेत. मी हात काढून ठेवते त्या तासांतही मला हात धुवायचे असतात.

मुलांच्या पालकांसाठी थोडं. मुलाला साधन लावून बघा, पण त्यानं काढलं तर रागावू नका. त्याला का नको वाटतं ते विचारा. आणि ‘थोटा’ हा शब्द कुणी वापरला तर मुलासमोरच थांबवा, घरी येऊन समजूत घालण्यापेक्षा ते जास्त पोचतं. माझ्या आईनं ते एकदाच केलं होतं, शाळेच्या फाटकाशी, सगळ्यांदेखत. ती परवा म्हणाली, “घरीच आहेस ना, काढून ठेव की तो, वाळू दे जरा त्वचा.” वीस वर्षांपूर्वी शोभेचा हात लावल्याशिवाय पाहुण्यांसमोर जाऊ नकोस म्हणणारी हीच बाई.

आज मी हात आठवड्यातून पाच दिवस, रोज तीन ते चार तास लावते. घरी जवळजवळ नाहीच. मागच्या आठवड्यात नव्या सॉकेटसाठी माप द्यायला गेले. प्रोस्थेटिस्टना सांगितलं की पकड थोडी सैल झाली तरी चालेल, वजन उचलायची मर्यादा कमी झाली तरी चालेल, पण पुढची कड खाली आणा. त्यांनी विचारलं, किती खाली? मी टेबलावरची त्यांची वही उचलून कोपराच्या घडीत धरली आणि म्हटलं, ही पडणार नाही इतकी. त्यांनी पेन घेतलं आणि वही तशीच ठेवून माझ्या हातावर खूण केली.