उताराचा प्लॉट: जागा सपाट करायची की घरच टप्प्याटप्प्याने उतरवायचं?

अंबाजोगाई, धारूर भागात बालाघाटाच्या उतारावर प्लॉट घेतला की पहिला सल्ला ठरलेला: जेसीबी लावा, वरचं खोदून खाली भराव टाका. आर्किटेक्ट मात्र जमीन आहे तशी ठेवून घर दोन-तीन पातळ्यांत बसवायला सुचवतो.

सपाट जागेची सोय मोठी आहे. सगळ्या खोल्या एका पातळीत येतात, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या नाहीत, मिस्त्रीलाही काम सवयीचं. पैसे जातात ते धरभिंतीत. १२ मीटर लांबीत दीड मीटर उतार असेल, तर मातीचा आणि मुरलेल्या पाण्याचा रेटा सोसणारी भिंत हवी. तिच्यात पाणी जायला छिद्रं, मागे खडी. भरावात काळी माती नकोच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी उचलते. मुरूमसुद्धा थराथराने, पाणी मारून दाबावा लागतो. पाया भरावावर न ठेवता खालच्या पक्क्या थरापर्यंत न्यायचा, म्हणजे कॉलमही लांबले.

तोच दीड मीटर टप्प्यांच्या घरात ७५ सेंटीमीटरच्या दोन उतरणींत वाटला जातो, प्रत्येकी पाच पायऱ्या. खोदाई-भराव कमी. खालच्या खोलीची मागची भिंत जमिनीत असल्याने चाळिशीपार उन्हाळ्यात तिथं गारवा राहतो, पण त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर हवाच, नाहीतर ओल येईल. आणखी एक लाभ मला फार मोलाचा वाटतो: छताचं पाणी पंपाविना खालच्या टाकीत उतरतं. १०० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. थोडी गळती धरा. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हा हिशेब इथं सोडून चालत नाही.

तिसरा पर्याय, घर उंच खांबांवर उभं करण्याचा. फोटोत देखणा दिसतो, पण १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला तिथं मी तो सुचवणार नाही. उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड आणि ताठ असतात. भूकंपाचा जोर त्यांच्यावरच जास्त येतो आणि ते आधी तडकतात. टप्प्यांच्या घरातही हा दोष शिरू शकतो, म्हणून आराखड्याइतकंच स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन गरजेचं.

दहा मीटरला एक मीटरहून कमी उतार असेल तर खुशाल सपाट करा. त्याहून जास्त असेल तर टप्पे घ्या, आणि आई-वडिलांची खोली, स्वयंपाकघर व एक बाथरूम रस्त्याच्या पातळीवर ठेवायला आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत सांगा.