मॅन्युफॅक्चर्ड होम बसवण्याचा परवाना: हड, कॅलिफोर्निया की फ्लोरिडा?

कारखान्यात बांधून पोलादी चॅसिसवरून जागेवर आणले जाणारे घर, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होम, कसे बांधावे हे अमेरिकेत १५ जून १९७६ पासून एकच संघीय संहिता ठरवते. ते जागेवर कोणी बसवावे याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या कंत्राटदाराने प्रशिक्षणाच्या तासांवरून राज्यांची तुलना करू नये, असे माझे मत आहे. कोणता अनुभव ग्राह्य धरला जातो आणि काम बिघडल्यास पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

ज्या राज्यांची स्वतःची मान्य योजना नाही, तिथे गृहनिर्माण व नागरी विकास खाते, म्हणजे हड, थेट परवाना देते. न्यू जर्सी, मेरीलँड, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स ही त्यांपैकी काही राज्ये असून न्यू जर्सीतील मराठी वस्ती पाहता हाच मार्ग अनेकांना आधी तपासावा लागेल. घरे बसवण्याचा १,८०० तासांचा अनुभव येथे पुरतो. अनुभव ती घरे बांधण्याचा किंवा बांधकामावर देखरेख करण्याचा असेल, तर ३,६०० तास लागतात. आणि बांधकामाशी निगडित महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचे एक वर्ष पूर्ण झाले असेल, तर तेवढ्यावरही ही अट भागते. त्यानंतर १२ तासांचे प्रशिक्षण, ज्यातील किमान ४ तास संघीय मानके व नियम यांवर असतात, आणि ७० टक्के गुणांची परीक्षा. परवाना तीन वर्षे चालतो व नूतनीकरणासाठी त्या काळात ८ तासांचे पुढील प्रशिक्षण घ्यावे लागते.

घराखालच्या जमिनीवर किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा पॉलिथिनचा कागद अंथरून जोडाच्या ठिकाणी १२ इंच एकावर एक घ्यावा, घराभोवतीच्या पहिल्या १० फुटांत पाणी बाहेर जाईल असा दर फुटाला अर्धा इंच उतार द्यावा, अशा गोष्टी वर्गात शिकून होतात. समोरच्या मातीत अँकर, म्हणजे घर जमिनीला जखडून ठेवणारा खिळा, धरेल की सुटेल, हे मात्र हाताखालून पाच-पंचवीस घरे गेल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे केवळ अभ्यासक्रमाच्या जोरावर परवाना मिळवणाऱ्याने मुरलेला कारागीर सोबत घेतलेला बरा. कायदा त्याची सक्ती करत नसला तरी.

हडच्या मार्गातील खरी जड अट विम्याची आहे. बसवताना घराला किंवा त्याच्या आधारांना झालेले सर्व नुकसान, वेळ पडल्यास घर बदलून देण्यापर्यंत, भरून निघेल असा बाँड (हमीपत्र) किंवा विमा दाखवावा लागतो. शिवाय प्रत्येक घराची तपासणी होते आणि काम नियमांनुसार झाल्याचे प्रमाणपत्र परवानाधारकाला स्वतः द्यावे लागते. मात्र ही व्यवस्था नव्या घराच्या पहिल्या बसवणीपुरतीच आहे. जुनी घरे हलवून पुन्हा बसवण्यावर धंदा उभारायचा असेल, तर राज्याचे व स्थानिक नियम वेगळे पाहावे लागतात. एरवीही हडचा परवाना हाती आला म्हणून स्थानिक परवानग्यांतून सुटका होत नाही.

कॅलिफोर्नियाची घडी निराळी आहे. तिथे राज्याचे कंत्राटदार परवाना मंडळ सी-४७ या, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड होमच्या कंत्राटदारांच्या, वर्गाचा परवाना देते. त्यासाठी मागील १० वर्षांतील ४ वर्षांचा कुशल कारागिराच्या पातळीचा अनुभव लागतो, आणि कायदा व व्यवसाय हा एक, तर प्रत्यक्ष कामाचा दुसरा, असे दोन पेपर द्यावे लागतात. शिक्षणाबद्दल जास्तीत जास्त ३ वर्षांची सूट मिळू शकते, पण निदान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असावेच लागते. पदवीधराला हडपेक्षा हा दरवाजा अरुंद वाटेल. माझ्या मते तो योग्यच अरुंद आहे. नूतनीकरणासाठी पुढील प्रशिक्षणाची अट मात्र मंडळ घालत नाही, हे या पद्धतीचे उणेपण. १ जानेवारी २०२३ पासून बाँडची रक्कम १५,००० वरून २५,००० डॉलर झाली आहे. बाँड म्हणजे विमा नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे: हमी देणारी कंपनी ग्राहकाला जे देते, ते नंतर कंत्राटदाराकडूनच वसूल करते. स्वतःकडे अनुभव नसेल, तर पात्र माणसाला नोकरीवर ठेवून त्याच्या नावे परवाना घेता येतो, परंतु त्याने आठवड्याला किमान ३२ तास किंवा फर्मच्या कामकाजाच्या ८० टक्के वेळ प्रत्यक्ष काम केले पाहिजे. नुसते नाव वापरून भागत नाही.

फ्लोरिडात हा परवाना महामार्ग सुरक्षा व मोटार वाहन खात्याकडे आहे. घर बसवणाऱ्याने वाहन खात्याच्या दारात जावे हे विचित्र दिसते, पण कायद्यात ही घरे वाहनांच्याच प्रकरणात येतात. वय १८, किमान ८ तासांचे प्रशिक्षण, परीक्षा, ५,००० डॉलरपर्यंतचा बाँड आणि १,००,००० डॉलरपर्यंतचा दायित्व विमा, असे कायद्याचे स्वरूप आहे; बाँड एक वर्षापर्यंत बसवणी व पाणीबंद जोडकामाची हमी देतो. आकडे हलके दिसले तरी काम हलके नाही. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर १९९४ मध्ये वाऱ्याची संघीय मानके कडक झाली, आणि या राज्यात अँकर व पट्ट्यांच्या कामात चूक झाली तर पुढचे वादळ ती दाखवून देते.

पदवी आहे पण हाताचा अनुभव नाही आणि वास्तव्य न्यू जर्सीत आहे, अशा माणसाला हडचा मार्ग सर्वांत जवळचा. फक्त वर्गाची फी भरण्याआधी त्याने विमा कंपनीकडून लेखी दर मागवावा आणि त्यात घर बदलून देण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून घ्यावे. जो कारागीर वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली घरे बसवत आला आहे व ज्याला कॅलिफोर्नियातच राहायचे आहे, त्याने सी-४७ साठी आजवरच्या मालकांकडून अनुभवाचे दाखले आत्ताच गोळा करायला लागावे. मालकाचा धंदा बंद पडला किंवा संबंध बिघडले की ते मिळवणे कठीण होते.