ईआरए५ : ध्रुवीय रात्रीसाठी वापरताना

वास्कोत, सड्यावर, बाहेर पाऊस कोसळतोय आणि माझ्या स्क्रीनवर आर्क्टिकची रात्र. ईआरए५, म्हणजे जुन्या नोंदी आणि संगणकी प्रारूप जुळवून उभा केलेला जगभराच्या हवामानाचा इतिहास, मी रोज वापरते. १९४० पासूनचा तासातासाचा डेटा, ३१ किलोमीटरची जाळी, तोही फुकट! पाचपैकी चार तारे.

एक तारा कापला तो समुद्री बर्फासाठी. यात बर्फाची जाडी सरसकट १.५ मीटर धरलीय आणि वर हिमाचा थरच नाही. अहो, हिम म्हणजे बर्फावरची गोधडी! ती काढली की खालच्या समुद्राची ऊब वर झिरपते. मग निरभ्र थंडीत, जेव्हा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकत गारठायला हवा, तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा काही अंश उबदार दिसतो. ढगाळ रात्री फरक कमी. विद्यार्थ्यांनो, बर्फावरच्या तरंगत्या यंत्रांच्या नोंदींशी आधी ताडून पाहा, मगच आलेख काढा.